ट्रेनरला डोक्याचं सांगायचं नसतं

मिस्टर वॉल्टर,

तुम्ही गेल्याचं मला कॅरनकडून कळलं. फोनवर नाही. परवा शनिवारी सकाळी ती क्लिनिकमध्ये आली, काउंटरपाशी थांबली नाही, सरळ माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "शुभांगी, डॅड इज गॉन." मी एका पठाण ट्रक ड्रायव्हरच्या कमरेला शेक देत होते. तो पालथा पडल्या पडल्या मान वळवून तिच्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "बहनजी, पहले इनको देखो. मैं तो लेटा हूँ." एवढं समजायला इंग्रजी लागत नाही.

हे मी मराठीत लिहितेय. तुम्हाला यातलं अक्षर कळलं नसतं. पण इंग्रजीत मी तुमच्याशी गुडघ्याबद्दल बोलू शकले, बाकी फारसं नाही. भांडलेसुद्धा इंग्रजीतच, आणि इंग्रजीतलं भांडण मला धड जमत नाही. शब्द सापडेपर्यंत राग उतरतो, आणि मग जे बोललं जातं ते नको तितकं थंड असतं. आपलं भांडण तसंच झालं. अर्ध्यावर राहिलं.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते नव्व्याण्णवचा उन्हाळा सुरू व्हायच्या आधी. अल मनखूलमधल्या आमच्या क्लिनिकला गोरा पेशंट म्हणजे अप्रूपच. श्रीमंत वस्तीतली, जुमेराची माणसं जुमेरातच दाखवतात. पण कॅरनच्या नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, बर दुबईत एक इंडियन लेडी फिजिओथेरपिस्ट आहे, तोंडाने फटकळ आहे पण माणूस चालता करते. कॅरनने तुमचा दंड धरला होता आणि तुम्ही तो झटकत होतात. दारातून आडवे होऊन आत आलात, कारण सरळ आला असतात तर खांदे अडकले असते. तुमची मान वळत नव्हती. कुणी मागून हाक मारली की अख्खे वळायचात, रिव्हर्स घेणाऱ्या पाण्याच्या टँकरसारखे. उजव्या हाताची अनामिका बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी बाजूला उभी. आणि दोन्ही गुडघ्यांना दोन्ही अंगांनी लांबच लांब जुने व्रण. पूर्वी गुडघ्यातली गादी फाटली की ती अख्खी काढून टाकायचे. तसले गुडघे मी कॉलेजच्या पुस्तकात पाहिले होते, माणसाच्या पायात पहिल्यांदाच पाहत होते.

"कार ॲक्सिडेंट?" मी विचारलं.

"फुटबॉल," तुम्ही म्हणालात.

घरी संजयला सांगितलं तर तो म्हणाला, "विचार की, गोल किती मारले?" संजय माझा नवरा, कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर, त्याला सगळ्याचा आकडा लागतो. मी दुसऱ्या दिवशी भाबडेपणाने विचारलं, आणि तुम्ही इतके हसलात की बाजूच्या खोलीतल्या ड्रिप लावलेल्या बाईने पडदा बाजूला करून पाहिलं. तुमचा फुटबॉल अमेरिकेतला, पायाने गोल मारायचा नाही, अंगाने धडकायचा. मग तुम्ही माझ्या वाळूच्या पिशव्या, त्या पायाला बांधायच्या, पलंगावर समोरासमोर दोन रांगांत मांडल्यात.

"ही आमची रांग, ही त्यांची. मध्ये चेंडू. चेंडू हलला की मी समोरच्याला उचलून बाजूला काढायचा. तेवढ्या फटीतून आमचा पळणारा निघून जातो."

"मग चेंडू तुमच्याकडे कधी येतो?"

"येत नाही."

"कधीच?"

"आला तर समज, काहीतरी घोटाळा झालाय."

माझा मोठा भाऊ इचलकरंजीत कबड्डी खेळायचा. साखळीत. टाळ्या पडायच्या त्या चढाई करणाऱ्याला. साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव त्याच्या आईलाच माहीत. तुमचा खेळ मला तिथून समजला. तुम्ही ज्या रांगेत होतात तिथे लोकांचं लक्ष जातं ते तुम्ही चुकलात तरच, हेही तुम्हीच सांगितलंत. असा खेळ माणूस उभी जवानी का खेळतो, हे मात्र मला समजलं नाही, आणि मी तसं तोंडावर म्हणाले.

"कारण नाहीतर मी खाणीत गेलो असतो," तुम्ही म्हणालात.

पेनसिल्व्हेनियातलं कोळशाचं गाव. वडील खाणीत, काका खाणीत. खांद्यांमुळे तुम्हाला कॉलेजने उचललं. घरातून कॉलेजात जाणारे पहिले तुम्ही. हे ऐकून मला तुमच्याबद्दल एकदम घरचं वाटलं, कारण आमच्या घरातून पहिली मी. माझे वडील यंत्रमागावर दोन दोन पाळ्या करायचे, त्यांना कानाने कमी ऐकू येतं ते त्यामुळेच. माझी डिग्री मी क्लिनिकच्या भिंतीवर लावलीय, अगदी समोर, पेशंटला झोपल्यावर दिसेल अशी. लोक म्हणतात जरा मिरवते. मिरवतेच. तुम्ही पाठीवर पडून ती बरेच दिवस बघत होतात. एकदा विचारलंत, "हे तू पूर्ण केलंस?"

"अर्धवट कोण फ्रेम करतं?"

मग तुम्ही सांगितलंत, शेवटच्या वर्षाला असताना क्लबने बोलावलं, कॉलेज सुटलं ते सुटलंच. "कॉलेजला मी नको होतो, माझे खांदे हवे होते. माझी सगळी परीक्षा शनिवारी दुपारी मैदानावर व्हायची."

मी भडकले. का ते आता सांगता येत नाही. "एवढं काठाशी येऊन सोडलंत? माझ्या वडिलांनी मला घरात घेतलं नसतं."

"तुझ्या वडिलांना मी आवडलो नसतो."

"तुम्ही आवडला असतात. तुमची अक्कल आवडली नसती."

तुम्हाला हे वाक्य फार आवडलं. कॅरनला सांगितलंत, जेस्सीला सांगितलंत. जेस्सी आमची काउंटरवरची, कोट्टायमची, तिने ते मल्याळममध्ये करून तिच्या नवऱ्यालाही सांगितलं.

तुम्ही दर वेळी एखादा तुकडा सांगायचात. तुमच्या वेळी हेल्मेटला तोंडापुढे दांडी नव्हती, ती नंतर आली, तोवर तुमचे पुढचे दात गेले होते. सरावात पाणी द्यायचे नाहीत. पाणी मागणारा लेचापेचा. म्हणून इथे आल्यावर पहिलं काम तुम्ही काय करायचात, तर कूलरपाशी उभं राहून कागदी ग्लासवर ग्लास पाणी. "आता मला कोणी अडवू शकत नाही." हंगाम संपला की खेळाडू पोलादाच्या कारखान्यात कामाला जायचे, कारण खेळावर वर्ष निघत नव्हतं. एका वर्षी तुमचा संघ विजेता ठरला. त्यानंतर दुसरा गुडघा गेला आणि क्लबने तुम्हाला सोडलं. मग जुन्या गाड्या विकल्यात, बायको गेली, घर विकलंत, आणि मुलीकडे दुबईला आलात. हा सगळा प्रवास तुम्ही जितक्या कमी शब्दांत सांगितलात, तितक्याच मी इथे लिहिलाय. त्याच्याहून जास्त वेळ तुम्ही एका सामन्यातल्या चिखलाचं वर्णन केलं होतं.

व्यायामाच्या बाबतीत मात्र तुम्ही लबाड. इथे येऊन अरबीचे तीनच शब्द शिकलात आणि तिन्ही माझ्यावर वापरलेत. मी पाय सरळ ठेवून उचलायला सांगितला की "यल्ला", म्हणजे चला. दमलात की "खलास". आणि घरी करणार का विचारलं की "इन्शाल्ला". मी म्हणायची, "मिस्टर वॉल्टर, इथल्या लोकांचा इन्शाल्ला देवावर असतो, तुमचा माझ्यावर असतो. तुम्ही करणार नाही आहात." तुम्ही छातीवर हात ठेवून दुखावल्याचं नाटक करायचात.

नाटक बंद झालं ते फ्रँकच्या फोनमुळे. फ्रँक तुमच्या रांगेत तुमच्या शेजारी उभा राहायचा, खांद्याला खांदा. त्या विजेत्या संघातले जेवढे हयात होते तेवढ्यांना ऑक्टोबरात मैदानावर बोलवायचं ठरलं होतं. सामन्याच्या मध्यंतरात एकेकाचं नाव पुकारणार, ज्याचं नाव येईल त्याने प्रेक्षकांच्या खालच्या बोगद्यातून निघून मैदानाच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. तुम्ही दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट नसताना आलात.

"मला तिथे चालत जायचंय. काठी नको. खुर्ची नको. कॅरनचा हात नको."

"काठी घेतली तर काय बिघडतं?"

"सगळं."

मी तुमचा चेहरा बघितला आणि पुढे वाद घातला नाही. एरवी मी घालते.

ते सगळे महिने तुम्ही जसे राबलात, तसा पेशंट मला परत मिळायचा नाही. घाम गळायचा, एसी चालू असताना. गुडघा करकर वाजायचा, तुम्ही म्हणायचात, "त्याला बोलू दे, आपण ऐकायचं नाही." मैदान गवताचं आहे, फरशीवर चालून भागणार नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी आणि संजय तुम्हाला क्रीकजवळच्या बागेत न्यायला लागलो. संजयला फार जोर चढायचा. तो हाताचा भोंगा करून ओरडायचा, "अँड नाऊ, लेडीज अँड जंटलमेन, इचलकरंजीचे जावई..." आणि तुम्ही खजुराच्या झाडापासून कुंपणापर्यंत चालत यायचात. बाजूला आमच्या शेजारच्या शिवलकर काकूंची मुलं घसरगुंडीवर असायची, ती थांबून टाळ्या वाजवायची. नंतर आपण चादरीवर बसून थालीपीठ खायचो. लसणीची चटणी तुम्ही बोटाने चाटून खायचात आणि डोळ्यातून पाणी काढत म्हणायचात, "हे आमच्या कोचला मिळायला हवं होतं."

ते शुक्रवार मी आयुष्यात सुखाचे म्हणून मोजते.

तुमची एक रीत होती. माझ्या खोलीत पाऊल टाकलंत की म्हणायचात, "गुड ट्यूज्डे, शू-भां-गी." वार सांगून, नाव तीन तुकड्यांत तोडून, पण बिनचूक. इथे मला कुणी शुबा म्हणतं, कुणी शोबा, कुणी नुसतं सिस्टर. तुम्ही नाव पूर्ण घ्यायचात म्हणून मी खूश. ऑगस्टात एकदा जेस्सी आजारी पडली आणि काउंटरवर नवी फिलिपिनो मुलगी बसली. त्या दिवशी तुम्ही आत आलात, दारात थांबलात, माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "हॅलो, डॉक." मला वाटलं, मूड नसेल. त्याच दिवशी तुम्ही चिखलाच्या सामन्याची गोष्ट सांगितलीत, आणि पाय बदलून झाल्यावर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितलीत. मध्ये एक शब्दही इकडचा तिकडे नाही.

जेस्सी परत आल्यावर मी तिला सहज म्हटलं. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, "मॅडम, वो तो रोज पूछता है. आज कौनसा दिन, और अंदर की लेडी का नाम क्या. पहले लगा मजाक करता है. अब मैं खुद ही बोल देती हूँ. ट्यूज्डे, शुभांगी. वो थँक्यू बोलके अंदर जाता है."

मी त्या दिवशी जेवले नाही. पुढच्या वेळी तुम्ही आलात, "गुड सॅटर्डे, शू-भां-गी" म्हणालात. मी व्यायाम सुरूच केला नाही. स्टूल ओढून समोर बसले आणि विचारलं, "जेस्सीने सांगितलं नसतं तर आज कोणता वार आहे?"

तुमचा चेहरा कसा झाला! मी तुम्हाला दुखताना पाहिलंय, चिडताना पाहिलंय, तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. शाळेत पाटी लपवणाऱ्या मुलासारखा, एवढ्या मोठ्या अंगावर.

"तू गुडघा बघ," तुम्ही म्हणालात.

"किती दिवसांपासून असं होतंय?"

"तू गुडघ्याची आहेस. गुडघा बघ."

मग माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या माझ्या डिग्रीकडे बघत तुम्ही सांगितलंत. ट्रेनरला, म्हणजे संघाच्या दुखापती बघणाऱ्याला, बोट सांगायचं, बरगडी सांगायची, गुडघा सांगायचा. डोक्याचं सांगायचं नसतं. टक्कर होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, कान वाजायला लागले, आपण कुठल्या गावात खेळतोय ते सुचेना, तरी सांगायचं नाही. ट्रेनर नाकाला अमोनिया लावणार आणि बोटं दाखवून विचारणार, किती? तेव्हा रांगेतला शेजारचा हळूच आकडा सांगतो. फ्रँकने तुम्हाला सांगितलं, तुम्ही फ्रँकला सांगितलं. ती रांगेची रीतच.

"पण का?"

"गुडघ्याला पट्टी बांधता येते. डोकं म्हटलं की तो तुला बाकावर बसवतो. बाकावर बसलास की तुझ्या जागेवर दुसरा उभा. आणि तो बरा निघाला, तर परत तुझी जागा तुझी नाही."

"मिस्टर वॉल्टर, इथे तुमच्या जागेवर कोण उभं राहणार आहे?"

तुम्ही म्हणालात, ऑक्टोबर होऊ दे, मैदानावर जाऊन येतो, मग म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. वचन. मी म्हटलं, इन्शाल्ला? तुम्ही म्हणालात, नाही, वचन. मला ते खरं वाटलं, आणि तरीही मी म्हणाले, "मी कॅरनला सांगणार आहे. तुमच्या पाठीमागे नाही. तुमच्या तोंडावर सांगून सांगणार आहे."

"सांगितलंस तर ती मला नेणार नाही."

"ते ती ठरवेल."

"मला वाटलं, तू ट्रेनर आहेस. तू तर क्लबच्या मालकांची माणूस निघालीस."

मी म्हणाले, "मी शिकलेली बाई आहे, मिस्टर वॉल्टर. मला जे दिसलं ते मी गिळून टाकू शकत नाही." हे वाक्य मी इंग्रजीत म्हटलं तेव्हा फारच ताठ निघालं. मराठीत म्हटलं असतं तर त्यातली काळजी तरी ऐकू आली असती.

मी कॅरनला फोन केला. ती म्हणाली, "मला माहीत होतं. कुणीतरी मोठ्याने म्हणेपर्यंत मी थांबले होते." नेणार का, हे तिने तेव्हा सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तिकिटं काढली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुमचा नाही पडला. तुम्हाला फक्त एवढंच दिसत होतं की मी सांगितलं.

त्यानंतरही तुम्ही येत राहिलात, कारण गुडघ्यांना मी हवी होते. पण वार नाही, नाव नाही. काउंटरपाशी थांबायचंच बंद केलंत. पाय उचला म्हटलं की उचलायचात, ठेवा म्हटलं की ठेवायचात. शुक्रवारी बागेत कॅरनबरोबर जायला लागलात. संजयने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही, पेशंट आहे.

शेवटच्या दिवशी तुम्ही क्लिनिकच्या पॅसेजमधून टोकापर्यंत चालत गेलात आणि परत आलात. काठी माझ्या हातात होती. पाऊल सरळ, लंगडणं जवळजवळ नाही. जेस्सी तोंडावर हात ठेवून बघत होती. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलाल. माझ्याकडेही एक वाक्य तयार होतं. ते मी बोलले नाही, त्याऐवजी म्हणाले, "प्रवासात दर तासाला उठून चाला." तुम्ही मान हलवलीत. म्हणजे अख्खे हललात. आणि गेलात.

तुमचं विमान गुरुवारी होतं. बुधवारी संध्याकाळी संजय म्हणाला, "चल, जुमेराला जाऊन येऊ. चटणीची बरणी देऊ म्हाताऱ्याला."

"मी कशाला जाऊ? मी बरोबर होते."

"बरोबर माणसाने जाऊ नये असा कायदा आहे का?"

मी गेले नाही. संजयने बरणी फडताळात परत ठेवली. परत आलात की बोलू, असं मी मनात म्हटलं. तुम्ही परत येणार होतात ना. तसं ठरलं होतं. तिथे गेल्यावर तब्येत बिघडली, कॅरन थांबली, ख्रिसमस झाला, आणि जानेवारीत तुम्ही झोपेतच गेलात.

आता कॅरनने शनिवारी जे सांगितलं, ते तुम्हाला सांगते. तुम्ही तिथे होतात, पण मला नाही वाटत तुम्हाला हे माहीत आहे.

तिकिटं काढायच्या आधी कॅरनने फ्रँकला फोन केला होता. सगळं सांगितलं. वार, नावं, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी. तो म्हणाला, "त्याला आण. बाकी माझ्यावर सोड." त्याने बाकीच्यांशीही बोलून ठेवलं होतं.

तुमचं नाव पुकारलं, आणि तुम्ही बोगद्यातून निघालात. कॅरन कडेला उभी होती, तुमची काठी कोटाच्या आत लपवून. कोट, टाय, काळे बूट, आणि काठीशिवाय. ती म्हणाली, "शुभांगी, तू बघायला हवं होतंस. ते चालले." तुम्ही मधोमध पोचलात, फ्रँकच्या शेजारी तुमची जागा ठेवलेली होती, तिथे उभे राहिलात. बँड वाजत होता, लोक ओरडत होते. तुम्ही खाली गवताकडे बघितलंत. आणि मग हळूहळू वाकलात. एक हात जमिनीला टेकवलात, पाठ सपाट, डोकं वर, नजर समोर. चेंडू हलायच्या आधी रांगेतला माणूस जसा तयारीत बसतो तसे. समोर कोणी नव्हतं. तुम्ही वाट बघत राहिलात.

तो गुडघा तितका वाकत नाही, मिस्टर वॉल्टर. मी लिहून द्यायला तयार आहे. महिनोन् महिने मी त्याला त्याच्या निम्म्यावरही नेऊ शकले नव्हते.

कॅरन म्हणाली, फ्रँकने एक क्षण घालवला नाही. त्याचा खुबा बदललेला आहे, तरी तो तुमच्या शेजारी तसाच वाकला, हात गवताला टेकवून. त्याचं बघून पलीकडचा वाकला, मग त्याच्या पलीकडचा. कोट घातलेल्या म्हाताऱ्यांची अख्खी रांग हात टेकवून तयारीत. लोकांना वाटलं, हे ठरवून बसवलेलं आहे. सगळं मैदान उठून उभं राहिलं. फ्रँकने चेंडू हलल्याचा पुकारा केला, पूर्वी करायचा तसा, आणि तुमच्या कानाशी म्हणाला, "झालं, वॉल्ट. निघाला आपला पळणारा. ऊठ." दोघांनी तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरलं, पण लोकांना दिसताना सगळे एकमेकांना धरूनच उठत होते. कुणालाही काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, सगळ्यांनी कौतुक केलं.

मी कॅरनला म्हटलं, "तुम्ही फ्रँकला आधी सांगितलं नसतं तर?"

ती म्हणाली, "तू मला सांगितलं नसतंस तर?"

माझी बाजू तुम्हाला पटवायला हे मी लिहीत नाहीये. थोडं लिहितेय, खोटं कशाला बोलू. पण शनिवारपासून मला जे टोचतंय ते वेगळं आहे. मी बरोबर ठरले, आणि ते कळायला तुम्ही नाही. बरोबर असणं एवढं बिनकामाचं असतं हे मला कुठल्या वर्षाला शिकवलं नव्हतं.

कॅरन निघताना मी तिला एवढंच विचारलं, माझ्यावर राग होता का शेवटपर्यंत? ती आठवत राहिली. म्हणाली, सामन्याच्या दिवशी सकाळी हॉटेलात तुम्ही पलंगाच्या कडेला बसून पाय सरळ करून उचलत होतात. ती म्हणाली, "डॅड, आज राहू द्या." तुम्ही म्हणालात, "ट्रेनरने सांगितलंय." तिने विचारलं, कोणत्या ट्रेनरने? तुम्ही म्हणालात, "आपली. दुबईची."

आपली म्हणालात. मालकांची नाही म्हणालात.

मी हे ऐकून खूप रडले, पठाण बिचारा अजून पालथाच होता. पण रडून झाल्यावर मला दुसरं सुचलं, आणि ते काही जात नाही. तुमचा राग गेला होता, की राग आला होता हेच तुम्ही विसरला होतात? गेला असेल, तर ते तुम्ही केलंत. विसरला असाल, तर मला माफ केलं ते तुमच्या आजाराने, आणि त्याच्याकडून मला काही घ्यायचं नाहीये.

बुधवारी मी आले असते, तर तुम्ही काय ते माझ्या तोंडावर म्हणाला असतात. शिवी घातली असतीत कदाचित. ती चालली असती. त्या दिवशी तुम्हाला आपलं भांडण आठवत होतं.

शुभांगी